सोलापुरातून चरित्र अभिनेत्याची वाट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरच्या हौशी रंगभूमीवर पंचवीस वर्षे काम केल्यानंतर आणि त्यातली चौदा वर्षे मालिका-चित्रपटांतल्या लहानमोठ्या भूमिका करण्यात घालवल्यानंतर मी आता गावात अभिनयाची शिबिरे घेतो. तिथे येणाऱ्यांत विडी कामगारांच्या ‘विडी घरकुल’ वसाहतीतली मुले असतात, माढ्याहून आणि करमाळ्याहून एसटीने येणारे तरुण असतात, निवृत्तीला आलेले शिक्षक असतात आणि मुलीला आत सोडून दाराशी थांबणारे वडीलही असतात. त्यांचे प्रश्न बहुतेक सारखेच असल्यामुळे त्यांची उत्तरे एकदा सविस्तर लिहून ठेवणे मला आवश्यक वाटले.

चरित्र अभिनेता म्हणजे नेमके कोण?

कथा ज्याच्याभोवती फिरते तो नायक. त्या नायकाचे गाव, घर, कचेरी आणि शत्रू ज्यांच्यामुळे खरे वाटू लागतात ते चरित्र अभिनेते. सासरा, तलाठी, शाळेतले शिपाईमामा, वकील, सावकार, गावातली खमकी आजी या सगळ्या चरित्र भूमिका होत. गर्दीत उभे राहणाऱ्या ज्युनिअर आर्टिस्टचे काम वेगळे असते, कारण त्याला स्वतंत्र व्यक्तिरेखा दिलेली नसते. चरित्र अभिनेत्याला मात्र दोन प्रसंग मिळोत की दोनशे भाग, त्याच्या माणसाला नाव, स्वभाव आणि पूर्वायुष्य असते, आणि ते पूर्वायुष्य संहितेत लिहिलेले नसेल तर त्याने स्वतः रचायचे असते.

सोलापूरचा या परंपरेशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो पुष्कळांना माहीत नसतो याचे मला वाईट वाटते. हिंदी चित्रपटसृष्टीतल्या अव्वल चरित्र अभिनेत्रींपैकी एक असलेल्या शशिकला यांचा जन्म ४ ऑगस्ट १९३२ रोजी सोलापुरात झाला. लहानपणी त्या जिल्ह्यातल्या गावांमधून नाचगाण्याचे आणि अभिनयाचे कार्यक्रम करीत. वडिलांचा व्यवसाय बुडाल्यावर कुटुंब मुंबईला गेले आणि पोटासाठी काम शोधत फिरणाऱ्या या मुलीला नूरजहाँ यांच्या ओळखीतून १९४५ च्या ‘झीनत’मधल्या कव्वालीत उभे राहायला मिळाले. पुढे ‘आरती’ (१९६२) आणि ‘गुमराह’ (१९६३) या चित्रपटांसाठी त्यांना लागोपाठ दोनदा सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, २००७ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि नातवंडांच्या पिढीला त्या ‘सोनपरी’ मालिकेतल्या आजी म्हणून माहीत झाल्या. ४ एप्रिल २०२१ रोजी त्यांचे निधन झाले. कव्वालीतल्या घोळक्यापासून दूरचित्रवाणीवरच्या आजीपर्यंतचा हा प्रवास चरित्र अभिनयाच्या कारकिर्दीचा नकाशाच आहे.

अतुल कुलकर्णी सोलापुरातच वाढले, इथल्या ‘नाट्य आराधना’ या हौशी संस्थेत त्यांनी काम केले आणि नंतर राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून ते १९९५ मध्ये बाहेर पडले. ‘हे राम’ आणि ‘चांदनी बार’ या दोन चित्रपटांसाठी त्यांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पंढरपुरात जन्मलेल्या जब्बार पटेल यांचे शालेय दिवस सोलापुरातच गेले. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, रिंकू राजगुरू अकलूजची, आणि २०१६ च्या ‘सैराट’मधल्या मित्राच्या भूमिकेत महाराष्ट्राला आवडलेला तानाजी गळगुंडे माढा तालुक्यातल्या बेंबळे गावचा आहे. आपल्या जिल्ह्याची माणसे पडद्यावर आपल्याच चेहऱ्यांनी दिसू शकतात, हे त्या चित्रपटानंतर कोणाला पटवून द्यावे लागत नाही.

माझा चेहरा अगदी साधा आहे. तरी काम मिळेल का?

चरित्र भूमिकेसाठी निवड करणारा माणूस सौंदर्य शोधत नसतो. हा चेहरा पाहिल्यावर प्रेक्षकाला न सांगता एखादे घर, एखादा धंदा किंवा एखादी सवय आठवते का, एवढेच तो पाहतो. त्यामुळे नाक सरळ करून घेण्याचा किंवा रंग उजळण्याचा खर्च करू नये.

सोलापुरी बोली आडवी येते का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचे उत्तर मी स्वतः फार उशिरा शिकलो. माझ्या पहिल्या ऑडिशनला तालुक्याच्या कचेरीतल्या कारकुनाची भूमिका होती, आणि मी रात्रभर गाडीत बसून पुस्तकी मराठीची घोकंपट्टी केली होती. काम आटोपल्यावर सामान आवरताना तिथल्या सहायकाशी गाडीच्या वेळेबद्दल चार वाक्ये बोललो, तेव्हा तो म्हणाला, “मघाशी असं का नाही बोललात?” ती भूमिका तोपर्यंत दुसऱ्याला दिली गेली होती.

तेव्हापासून मी शिबिरात दोन गोष्टी सांगतो. पहिली ही की प्रमाण मराठी स्वच्छ बोलता आलीच पाहिजे, कारण वकील, डॉक्टर आणि न्यायाधीश यांच्या भूमिका तिच्यावाचून मिळत नाहीत. दुसरी ही की घरची बोली त्यासाठी पुसून टाकू नये, तर ती जाणूनबुजून वापरता आली पाहिजे. सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी हिंदी एकाच चौकात ऐकू येतात. अक्कलकोटकडच्या माणसाचे मराठी कानडीच्या चालीवर येते, पूर्व भागातल्या पद्मशाली घरातल्या आजोबांचे मराठी तेलुगूच्या चालीवर येते, आणि पंढरपूरकडचा शेतकरी या दोघांपेक्षा निराळा बोलतो. इतके कान तयार होणे ही कुठल्याही शहरी विद्यालयात विकत न मिळणारी गोष्ट आहे.

एक तक्रारही नोंदवतो. मालिकांमध्ये ‘गावाकडची भाषा’ म्हणून जी बोलली जाते, ती पुष्कळदा महाराष्ट्रातल्या कुठल्याच जिल्ह्यात बोलली जात नाही. चार शब्द साताऱ्याचे, दोन विदर्भाचे आणि शेवटी एक ‘की’ जोडून ती बनवलेली असते. आपल्या वाट्याला असा संवाद आला, तर दिग्दर्शकाची परवानगी घेऊन तो आपल्या गावच्या रीतीने बोलून दाखवावा. परवानगीशिवाय बदलू नये, कारण समोरच्या कलाकाराचा क्यू, म्हणजे त्याने कधी बोलायचे याची खूण, त्या वाक्यावर अवलंबून असते. मी विचारले तेव्हा बहुतेक दिग्दर्शकांनी आनंदाने हो म्हटले आहे.

नाट्यशिक्षण घेतलेच पाहिजे का?

घेता आले तर जरूर घ्यावे. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ मध्ये स्थापन झाले असून तिथला अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. प्रवेशासाठी पदवी आणि नाटकांत काम केल्याचा अनुभव लागतो. पुण्यात विद्यापीठाचे ललित कला केंद्र आणि फिल्म इन्स्टिट्यूट आहे, मुंबई विद्यापीठातही नाट्यशिक्षणाची सोय आहे. जागा मात्र फार थोड्या असतात.

ज्यांना हे जमत नाही त्यांनी राज्य नाट्य स्पर्धेतल्या संस्थांच्या तालमींना जावे. पहिल्या वर्षी नेपथ्याची पाटी उचलावी लागेल किंवा प्रॉम्प्टिंग, म्हणजे नटांना आडून संवादाची आठवण करून देण्याचे काम, करावे लागेल, त्यात कमीपणा मानू नये. दोन महिने रोज संध्याकाळी इतरांचे संवाद ऐकत प्रॉम्प्टर म्हणून बसलेला मुलगा, नाटक कुठे ढिले पडते हे नायकापेक्षा लवकर ओळखतो. सदाशिव अमरापूरकर अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, हौशी रंगभूमीवरून आले. त्यांचे मराठी नाटक पाहूनच गोविंद निहलानी यांनी त्यांना ‘अर्धसत्य’साठी (१९८३) निवडले, आणि मोजक्या प्रसंगांतल्या त्या खलनायकाने त्यांना सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळवून दिला.

भूमिकेची तयारी कशी करायची?

माणसे पाहून, आणि तीही त्यांच्या कामाच्या जागी. यंत्रमागावर आयुष्य काढलेला माणूस घरीही मोठ्याने बोलतो, कारण मागाच्या खडखडाटात ओरडल्याशिवाय शेजाऱ्याला ऐकू जात नाही, आणि पुढे पुढे त्याचा स्वतःचा कानही मंद होतो. तो चिडलेला नसतो. ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही तो नट त्याची भूमिका चिडक्या माणसासारखी करील आणि सगळेच चुकेल. विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन शेजारणीशी तासभर बोलते, पण हातांकडे क्वचितच पाहते, बोटे आपोआप पान गुंडाळून दोरा बांधत असतात. हे दृश्य करणाऱ्या अभिनेत्रीने जर बोटांकडे पाहत संवाद म्हटला, तर सोलापुरातल्या एका तरी प्रेक्षक बाईला ती खोटी वाटेल, आणि मला त्या एका बाईचे मत महत्त्वाचे वाटते.

म्हणून शिबिरातल्या प्रत्येकाला मी एक वही करायला लावतो. मंगळवार बाजारात भाव करणारा माणूस पैसे कोणत्या खिशातून काढतो, सिव्हिल हॉस्पिटलच्या बाकावर वाट पाहणारी सून पिशवी कशी धरते, गड्ड्याच्या यात्रेत पाळणा चालवणारा दिवस संपताना कसा उभा राहतो, असे रोज एक निरीक्षण लिहायचे. नक्कल करायची नाही, कारणासह लिहायचे. कारण समजले की हावभाव आपोआप येतो, आणि तो उधार घेतल्यासारखा दिसत नाही.

नाटकात काम केलेल्याला कॅमेऱ्यासमोर काय बदलावे लागते?

हुतात्मा स्मृती मंदिरात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवण्याची सवय झालेला नट सेटवर पहिल्यांदा येतो, तेव्हा त्याच्या सदऱ्याच्या आत लावलेला माइक कुजबुजही टिपत असतो आणि तो मात्र शेवटच्या रांगेशी बोलत असतो. आवाज खाली आणणे तुलनेने सोपे आहे. अवघड असते ते चेहऱ्याने ‘सांगणे’ थांबवणे. क्लोजमध्ये, म्हणजे फक्त चेहरा जवळून दाखवणाऱ्या शॉटमध्ये, भुवई किंचित उचलली तरी ती पडद्यावर हातभर उचललेली दिसते.

दुसरी गोष्ट कंटिन्युइटीची, म्हणजे प्रत्येक शॉटमध्ये हालचाली तंतोतंत जुळण्याची. आधी सगळ्या दृश्याचा मास्टर शॉट घेतला जातो, मग तेच दृश्य वेगवेगळ्या कोनांतून आणि क्लोजमध्ये पुन्हा घेतात. मास्टरमध्ये ‘जमीन’ या शब्दावर उजव्या हाताने पेला उचलला असेल, तर पुढच्या प्रत्येक वेळी त्याच शब्दावर त्याच हाताने उचलावा लागतो, नाहीतर संकलकाला ते तुकडे जोडता येत नाहीत आणि आपला चांगला शॉट फुकट जातो. म्हणून नव्या माणसाने मास्टरमध्ये हातांना फार उद्योग देऊ नये. कुठे थांबायचे ते दाखवणाऱ्या जमिनीवरच्या मार्कवर खाली न पाहता थांबणे, प्रकाश आपल्या चेहऱ्यावर आहे की नाही हे गालाला जाणवणाऱ्या उष्णतेवरून ओळखणे, या गोष्टी सरावाने येतात.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट ऐकण्याची आहे. चरित्र अभिनेत्याचा निम्मा वेळ दुसऱ्याचे बोलणे ऐकण्यात जातो, आणि संकलक पुष्कळदा बोलणाऱ्याऐवजी ऐकणाऱ्याचा चेहरा ठेवतो. समोरच्याचा क्लोज चालू असताना आपण चौकटीबाहेर असलो तरी क्यू पूर्ण ताकदीने द्यावा. कंटाळून वाचून दाखवणारे कलाकार मी पाहिले आहेत, आणि त्यांना सहकलाकारांनी पुन्हा आवर्जून बोलावलेले मी पाहिलेले नाही.

ऑडिशन कशी असते?

आता पहिली फेरी बहुधा मोबाइलवरच होते. आडवा मोबाइल, मागे साधी भिंत, समोरून येणारा उजेड, सुरुवातीला नाव, वय, उंची, गाव, मग डावी-उजवी बाजू आणि दिलेला प्रसंग. पंखा बंद ठेवावा, त्याचा आवाज चित्रफितीत फार येतो. निवड झाल्यास लूक टेस्टसाठी, म्हणजे भूमिकेचा वेश आणि रंगभूषा करून पाहण्यासाठी, बोलावतात. नकार मात्र सहसा कळवला जात नाही, त्यामुळे आठवडाभराने ती चित्रफीत विसरून पुढच्या कामाला लागावे.

त्यासाठी मुंबईत राहायला जावे लागते का?

चित्रपटात शेड्यूलपुरते जाऊन येता येते. सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री निघून सकाळी मुंबईला पोचवते, आणि फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारतही आहे. दैनंदिन मालिकेत कायमची भूमिका असेल तर महिन्यातले पंधरा-वीस दिवससुद्धा लागतात, आणि उद्याचा कॉलटाइम, म्हणजे सेटवर हजर राहण्याची वेळ, आज रात्री कळते, त्यामुळे जवळ खोली घेण्यावाचून मार्ग नसतो. मालिका गोरेगावच्या चित्रनगरीत, ठाण्याच्या घोडबंदर परिसरात आणि मढ भागात जास्त चित्रित होतात, तर वाई, सातारा आणि कोल्हापूरकडेही काही होतात. काम हाती नसताना नुसते ‘स्ट्रगल’ म्हणून मुंबईत भाडे भरत राहण्याचा सल्ला मी कोणालाही देत नाही.

आता माझे वय चाळीस आहे. उशीर झाला का?

डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते आणि बेचाळिसाव्या वर्षी त्यांनी वैद्यकी सोडून पूर्णवेळ नट होण्याचा निर्णय घेतला. त्याआधीची अनेक वर्षे ते नाटक करीतच होते, हेही विसरू नये. चरित्र भूमिकांत वय हा तोटा नाही, कारण वडील, काका आणि मुख्याध्यापक यांच्या भूमिका विशीतल्या मुलांना देता येत नाहीत. नोकरी मात्र एकदम सोडू नये. अशोक सराफ यांनीही सुरुवातीची बरीच वर्षे बँकेतली नोकरी सांभाळूनच अभिनय केला.

पैसे किती आणि कधी मिळतात?

चरित्र अभिनेत्याला बहुधा दिवसाप्रमाणे मानधन ठरवले जाते. किती, हे अनुभव, वाहिनी आणि भूमिका यांवर अवलंबून असल्यामुळे मी आकडा सांगत नाही. कधी, हे मात्र स्पष्ट सांगतो: मालिकांमध्ये पैसे काम झाल्यानंतर साधारण ९० दिवसांनी देण्याची पद्धत रूढ आहे. म्हणजे जानेवारीत काम सुरू केले तर एप्रिलपर्यंतचा जेवणखाण्याचा आणि भाड्याचा खर्च आधीच जवळ हवा. त्यातून १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला आयकर, वजा होतो, आणि आयकराचे विवरणपत्र भरल्यास उत्पन्न कमी असणाऱ्यांना तो परत मिळू शकतो. सोलापुरातले कितीतरी कलाकार विवरणपत्रच भरत नाहीत आणि हक्काचे पैसे सोडून देतात.

करारपत्र वाचल्याशिवाय सही करू नये. एका निर्मितीसंस्थेत माझे अकरा दिवसांचे पैसे बुडाले, कारण कामाचे दिवस किती झाले याची लेखी नोंद माझ्याकडे नव्हती. तेव्हापासून रोज पॅकअप झाल्यावर मी तारीख, आल्याची आणि सुटल्याची वेळ निर्मितीच्या माणसाला संदेशाने कळवून ठेवतो. कलाकारांच्या ‘सिंटा’ या संघटनेचे आणि मराठी चित्रपट महामंडळाचे सभासदत्व घेतलेले असले तर असा वाद एकट्याने लढावा लागत नाही.

भूमिका देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर?

देऊ नयेत. नोंदणी शुल्क, ओळखपत्र, पोर्टफोलिओ, वर्कशॉपची सक्ती, कोणत्याही नावाने मागितले तरी देऊ नयेत. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. निर्मात्यांकडे कलाकार पाठवणारा कोऑर्डिनेटर काम मिळवून दिल्यावर मानधनातून कमिशन घेतो, ती वेगळी आणि मान्य पद्धत आहे.

मुलीला या क्षेत्रात पाठवावे का?

हा प्रश्न विचारणाऱ्या वडिलांचा मला राग येत नाही, त्यांची काळजी खरी असते. ऑडिशन कार्यालयात किंवा स्टुडिओत असावी, हॉटेलच्या खोलीत किंवा कोणाच्या घरी नसावी, आणि पहिल्या काही वेळा घरचे कोणी सोबत असावे. दहा किंवा अधिक माणसे काम करणाऱ्या प्रत्येक आस्थापनेत लैंगिक छळाविरुद्ध तक्रार समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा ती समिती कोणाची आहे हे पहिल्याच दिवशी विचारावे. एवढे करून तिला जाऊ द्यावे. नव्वद वर्षांपूर्वी याच गावात जन्मलेली मुलगी याहून कितीतरी कमी आधारावर तिथे उभी राहिली होती.

एकाच प्रकारच्या भूमिका मिळत राहिल्या तर?

सुरुवातीला मिळू द्याव्यात. निळू फुले यांना खलनायकी पाटील इतक्या वेळा करावा लागला की गावोगावच्या बायका त्यांना खरोखर शिव्या देत, आणि प्रत्यक्षात सेवा दलाच्या कलापथकातून घडलेला हा माणूस सामाजिक चळवळींना मनापासून साथ देत असे. जब्बार पटेल यांच्या १९७५ च्या ‘सामना’मधला त्यांचा साखरसम्राट पाहावा. त्यातला पाटील एकाच वेळी दरारा निर्माण करतो, लाघवीपणे हसतो आणि आतून घाबरलेला असतो. साखर कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला तो चांगलाच ओळखीचा वाटतो. म्हणजे साचा तोच राहिला तरी आतला माणूस दरवेळी नवा करता येतो. साचा बदलण्याची संधी मग कोणीतरी देतो, जशी खलनायिका म्हणून गाजत असतानाच शशिकला यांना ‘अनुपमा’मध्ये (१९६६) खेळकर, मनमोकळ्या मुलीची भूमिका मिळाली.

काम थांबल्यावर, म्हातारपणी काय?

भविष्य निर्वाह निधी नाही, निवृत्तिवेतन नाही, हे आधीच समजून पहिल्या मानधनापासून आरोग्य विमा आणि थोडी बचत सुरू करावी. ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची मानधन योजना आहे, २०२४ पासून त्यात दरमहा ५,००० रुपये मिळतात. वय पन्नासच्या पुढे असावे लागते, उत्पन्नाची अट आहे, आणि ठरावीक वर्षे कलेत काम केल्याचे पुरावे द्यावे लागतात. इथेच आपली माणसे अडतात. नाटकाची जाहिरात, स्पर्धेचे निकालपत्र, वर्तमानपत्रातले परीक्षण, श्रेयनामावलीत आपले नाव असलेल्या प्रसंगाचे छायाचित्र, असा प्रत्येक कागद पहिल्या प्रयोगापासून एका फाइलमध्ये तारखेसह ठेवावा. ज्यांच्याकडे मी नाटक शिकलो त्या ज्येष्ठ नटांचा अर्ज भरायला मी बसलो होतो, तेव्हा त्यांच्या पन्नास वर्षांच्या कामाचे घरात दोनच कागद सापडले, आणि त्यांतल्या एकावरचे नाव छापताना चुकलेले होते.